हिशेब मागितला म्हणून पाहुणे पळत नाहीत



जिल्हा बैठकीत कापसाचा भाव आणि पीकविमा यांवर बोलणे होणारच आहे. त्याआधी समुद्राकाठच्या एका प्रश्नाकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. कपाशी-ज्वारीवाल्यांना समुद्राशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा, मग बोला.

हा मजकूर आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कट्टा गावातून लिहीत आहोत. मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. गावाला समुद्र नाही. भात आहे, काजू आहे, आंबा आहे. पण मालवण-तारकर्लीला पाहुणे आले की इथल्या रिक्षावाल्यापासून कोंबडीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात पैसा खेळतो, आणि पाहुणे थांबले की तोही थांबतो. तुमच्याकडे कापूस घरातून बाहेर पडला की वाण्याची उधारी फिटते, त्यातलाच हा प्रकार.

१९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. चिपीच्या विमानतळाचे उद्घाटन व्हायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडला. घोषणेपासून चोवीस वर्षे! तोवर किनाऱ्यावरची माणसे सरकारची वाट पाहत बसली नाहीत. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या, होड्या सजवल्या, पोरे पाण्याखाली बुडी मारायला शिकली. पर्यटनाने इथे पैसा आणला, हे खरे आहे आणि त्याला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न वेगळाच आहे. ज्या जिल्ह्याचे पोट पाहुण्यांवर चालते, तिथे सरकार चुकले तर जाब कोणी विचारायचा?

कारण इथे तोंड उघडले की एकच उत्तर मिळते : "गप्प बसा, पर्यटक बिचकतील."

शेतीच्या भाषेत सांगायचे तर ही एकपिकी पद्धती झाली. सगळ्या शिवारात एकच पीक असले की कीड पडायला वेळ लागत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. सगळा जिल्हा एका धंद्यावर उभा राहिला की त्यालाही कीड लागते. ती म्हणजे भीती. आपण बोललो तर आपलेच गिऱ्हाईक जाईल, ही भीती. आणि ज्याला हिशेब द्यायचा नसतो, त्याच्या ती पथ्यावर पडते.

मालवणचेच पाहा. राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पस्तीस फुटी पुतळा उभा राहिला. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांनी त्याचे अनावरण केले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. पुरते नऊ महिनेही तो टिकला नाही. वारा ताशी ४५ किलोमीटर वेगाने वाहत होता, असे कारण मुख्यमंत्र्यांनी दिले. काम नौदलाचे की राज्याचे, यावर बोटे दाखवणे सुरू झाले. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. त्याचे बांधकाम महाराजांनी १६६४ साली सुरू केले. साडेतीनशेहून अधिक पावसाळे त्याच्या तटावर आदळले. मालवणचा वारा काही २०२४ साली नव्याने सुटला नाही.

पंतप्रधानांनी ३० ऑगस्टला पालघरच्या सभेत माफी मागितली. शिल्पकाराला आणि बांधकाम सल्लागाराला अटक झाली. मे २०२५ मध्ये तिथे नवा, आणखी उंच पुतळा उभा राहिला. त्यांचा दोष असेल-नसेल, ते कोर्ट ठरवील. पण आराखडा कोणी तपासला, कोणी मंजूर केला, तारखेची घाई कोणाला होती, खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती दिवस तग धरते याचा विचार कोणी केला? ही माहिती मागायची ती अशासाठी, की पुढचे काम तरी सरळ व्हावे. आधीच्या मे महिन्यातली गोष्ट आठवा. २०२२ साली तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. परवाने, तपासणी, जीवरक्षक जाकिटे यांची चर्चा कधी सुरू झाली? माणसे गेल्यावर!

आता जरा लांब जाऊ. हिंदी महासागरात मॉरिशस नावाचा देश आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, आणि २०१९ साली तिथे आलेले पर्यटक सुमारे १३ लाख ८० हजार. घरच्यांपेक्षा पाहुणे जास्त! हा देश आपल्याला परका नाही. १८३४ नंतर इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून मजूर नेले, त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांची नातवंडे-पतवंडे तिथे आजही गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

२५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचे मोठे मालवाहू जहाज या बेटाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर चढले. जहाजात माल नव्हता, पण इंजिनासाठीचे जवळपास चार हजार टन तेल होते. किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि पर्यावरणाचे जाणकार सांगत होते, तेल गळेल, आधी ते काढा. सरकार म्हणत होते, समुद्र खवळलेला आहे, काम चालू आहे, घबराट नको. असे बारा दिवस गेले. ६ ऑगस्टला तेल गळायला लागले. सुमारे एक हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात पसरले. ज्या पाण्याकडे पाहायला जग येते, ते काळे झाले.

मग लोकांनी काय केले? देश उसाचा. लोकांनी उसाचे पाचट गोळा केले, कापडी पोत्यांत भरले, पोती एकमेकांना शिवली आणि पाण्यावर तरंगते बांध घातले. हजारो माणसे रात्रंदिवस राबली. हे काम अधिकाऱ्यांवर सोडा, असे सरकारने सांगितले. लोकांनी ऐकले नाही. शेतातल्या कचऱ्याने समुद्र अडवणारी ही माणसे आपल्याच जातकुळीची आहेत.

२९ ऑगस्टला राजधानी पोर्ट लुईमध्ये काळे कपडे घालून हजारोंच्या हजारो लोक रस्त्यावर उतरले. एवढी गर्दी त्या छोट्या देशाने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. त्यांचे मागणे साधे होते. ते बारा दिवस तुम्ही काय करत होता, ते सांगा. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये जहाजाच्या कॅप्टनला आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. कॅप्टन भारतीय होता. जहाज खडकावर नेणाऱ्याला शिक्षा झाली हे ठीकच. पण ज्यांच्या हातात बारा दिवस होते, त्यांचा हिशेब त्या खटल्यात बसत नव्हता. तो लोकांनाच मागावा लागला.

आता महत्त्वाचे. असा मोर्चा काढल्याने पाहुणे पळाले का? कोरोनामुळे त्या वेळी देशाची दारे बंदच होती. दारे उघडल्यावर पाहुणे परत आले. २०२४ साली त्यांचा आकडा पुन्हा सुमारे १३ लाख ८० हजारांवर गेला, म्हणजे २०१९ इतकाच. लोक रस्त्यावर आले, प्रश्न विचारले, जगभरच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. धंदा बुडाला नाही. पाणी काळे केले ते तेलाने, आणि तेल गळले ते गप्प राहा म्हणणाऱ्यांच्या बारा दिवसांत.

याच सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये, निवडणूक दहा दिवसांवर असताना, फोनवरच्या समाजमाध्यमांवर बंदी घातली. फोनवरची गुप्त संभाषणे बाहेर फुटत होती म्हणून. ओरड झाली तशी बंदी दुसऱ्याच दिवशी उठवावी लागली. १० नोव्हेंबरच्या निवडणुकीत विरोधी आघाडीने ६२ पैकी ६० जागा जिंकल्या. लोकांच्या मनात अनेक कारणे असतील, सगळे श्रेय तेलाला देण्याचे कारण नाही. पण तोंड दाबून राज्य राखता येत नाही, एवढे दिसले.

आता आपल्या शिवारात परत येऊ. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. काय ऐकायला मिळाले? त्यांनी हातमोजे घातले नव्हते, तोंड बांधले नव्हते. मालवणात वाऱ्याचा दोष, यवतमाळात मेलेल्याचा दोष! कोणते औषध कोणत्या परवान्यावर, कोणी विकले, कोणी तपासले, हे प्रश्न मागे पडले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कोरडवाहू कपाशीसाठी हेक्टरी ३०,८०० रुपयांची घोषणा झाली. तिची फोड आठवा. आपत्ती निधीतून ६,८००, विम्याचे ८,०००, बियाणे कंपन्यांकडून १६,०००. निम्म्याहून अधिक रक्कम अशा खिशातून द्यायची होती की जो खिसा सरकारचा नव्हताच. कंपन्यांनी आव्हान दिले आणि प्रकरण सुनावण्यांत अडकले. घोषणा मात्र पहिल्या पानावर छापून आली.

घोषणेला तारीख असते, हिशेबाला नसते. मालवण असो, मॉरिशस असो की मारेगाव, रोग हाच आहे. कोणाचे गिऱ्हाईक पाहुणा, कोणाचे गिऱ्हाईक जिनिंगवाला. दोघांनाही सांगितले जाते की बोललात तर बाजार बिघडेल. बाजार बोलण्याने बिघडत नाही. झाकून ठेवलेली गोष्ट फुटते तेव्हा बिघडतो.

या कट्टा गावात बॅरिस्टर नाथ पैंच्या नावाचे सेवांगण आहे. १९५७ पासून १९७१ साली मृत्यू येईपर्यंत ते राजापूरचे खासदार होते. विरोधी बाकावर बसून सरकारला प्रश्न विचारणे हेच त्यांनी आपले काम मानले आणि कोकणाने त्यांना तीनदा निवडून दिले. जाब विचारणारा माणूस जिल्ह्याचे नुकसान करतो, असे तेव्हाच्या कोकणाला वाटले नाही.

मग करायचे काय? मोर्चा रोज निघत नाही. पण माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर लागू आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. तुमच्या तालुक्यात शेततळे असो, बाजार समितीचे गोदाम असो, पीकविम्याची यादी असो, चार प्रश्न लिहून द्या :

१. पैसे किती मंजूर झाले आणि किती खर्च झाले?
२. आराखडा आणि मोजमाप कोणी तपासले, त्या अधिकाऱ्याचे पद काय?
३. काम किती वर्षे टिकेल याची हमी कोणी, कोणत्या कागदावर दिली?
४. काम बिघडले तर भरपाई कोणाच्या खिशातून?

उत्तर आले की ते ग्रामसभेत मोठ्याने वाचा. नाही आले तर तेही वाचा, आणि अपील करा. एका गावाचा एक अर्ज टोपलीत जातो. पन्नास गावांनी तोच अर्ज एकाच आठवड्यात दिला तर तो टोपलीत मावत नाही. बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या एका कामाचे नाव ठरवून यावे. अर्ज तिथेच बसून लिहू.