घड्याळाची कारागिरी आणि सुट्या भागांचे कुलूप

स्विस घड्याळांवरचे आयातशुल्क आता उतरत जाणार आहे. भारताचा एफ्टा या युरोपीय व्यापार गटातील देशांशी, म्हणजे स्वित्झर्लंडशीही, झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून सात वर्षांत हे शुल्क टप्प्याटप्प्याने संपायचे आहे. काही लाखांना मिळणारी यांत्रिक घड्याळे त्यामुळे मुंबई-पुण्यात अधिक मनगटांवर दिसू लागतील. त्यांच्याबरोबर एक दावाही येतो. हे घड्याळ कारागिराच्या हातून उतरले आहे, म्हणून ते नातवंडांपर्यंत चालेल, असा तो दावा. एवढी रक्कम मोजण्यापूर्वी तो नीट तपासून घ्यायला हवा.

अचूकतेचा मुद्दा आधीच निकाली काढू. स्वित्झर्लंडमधील सीओएससी ही संस्था घड्याळाचे यंत्र १५ दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सियस अशा तीन तापमानांत तपासते. दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, या मर्यादेत ते राहिले की क्रोनोमीटरचा दाखला मिळतो. पदपथावर मिळणारे सेलवरचे घड्याळ बहुधा याहून बरी वेळ राखते. सायकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले, तेव्हाच ही शर्यत संपली. १९७०च्या सुमारास स्विस घड्याळ उद्योगात ९० हजारांच्या आसपास माणसे होती. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती जेमतेम तीस हजारांच्या आसपास आली. त्यानंतर जे यांत्रिक घड्याळ टिकले, ते वेळ दाखवण्याच्या गरजेपायी टिकलेले नाही.

मग माणूस पैसे कशाचे मोजतो? यंत्र उघडले की उत्तराचा पहिला भाग दिसतो. चावी दिली की डबीत गुंडाळलेली कमान आवळते. तिची ताकद दातेरी चाकांमधून पुढे सरकते आणि एस्केपमेंटपाशी अडते. तिथे माणकाचे दोन खडे बसवलेले पॅलेट चाकाचा एक दात सोडते आणि लगेच पुढचा अडवते. केव्हा सोडायचे हे बॅलन्स व्हीलच्या झोक्यावर ठरते आणि त्या झोक्याला दर वेळी माघारी आणते ती हेअरस्प्रिंग. आजच्या बहुतेक घड्याळांत हे तासाला २८,८०० वेळा घडते, म्हणजे सेकंदाला आठ ठोके, वर्षाला २५ कोटींहून अधिक. हॉयगन्स या शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये पुढे आणलेल्या हेअरस्प्रिंगच्या या सर्पिल तारेत एक जन्मजात दोष होता. उष्णतेने पोलाद मऊ पडे आणि घड्याळ मागे पडे. घड्याळे बनवणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या शार्ल-एदुआर गियोमने निकेल आणि पोलादाच्या मिश्रधातूंवर जे काम केले, त्याने हा दोष आवाक्यात आला आणि त्याच कामासाठी त्याला १९२० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. मनगटावरच्या या वस्तूत एवढे शास्त्र साठलेले आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे.

हाताच्या कामाचे काय? त्याचा पुरावा तबकडीवर शोधू नये. मागचे झाकण काढून, डोळ्याला भिंग लावून, चाके धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या म्हणजे ब्रिजच्या कडा पाहाव्यात. या कडा तिरक्या तासून आरशासारख्या चकचकीत केलेल्या असतात. बाहेरच्या बाजूला वळलेली कड यंत्रालाही जमते. पण दोन तिरक्या कडा आतल्या बाजूला एकमेकींना भिडतात, तो कोपरा फिरत्या हत्याराला टोकदार करता येत नाही. हत्यार गोल असल्याने कोपराही गोलसर उरतो. तिथे कानस, लाकूड आणि माणसाचा हात हाच मार्ग. व्हाले द जू या जुरा पर्वतातल्या खोऱ्यात फिलिप ड्यूफूर हे घड्याळकार अशा कडांना त्याच खोऱ्यातल्या जेन्शियन या वनस्पतीच्या वाळक्या काडीने झळाळी देत आले. २००० साली आलेले त्यांचे ‘सिंप्लिसिटी’ हे घड्याळ फक्त तास, मिनिट आणि सेकंद दाखवते आणि तसे सुमारे दोनशेच नग झाले. एका कोपऱ्यावर एवढा वेळ खर्च करणाऱ्या माणसाविषयी मला निखळ आदर वाटतो.

परंतु वर्षाला लाखांच्या संख्येने घड्याळे काढणाऱ्या कारखान्यात प्रत्येक ब्रिज अशा हातातून जाऊ शकत नाही. तिथे भाग संगणकनियंत्रित यंत्रांवर कापले जातात आणि त्यात गैर काहीच नाही. उलट मिलीमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी लागणारी नेमकेपणाची शिस्त त्यामुळेच आली. गैर आहे ती जाहिरात, जी ड्यूफूरसारख्यांच्या बाकावरचे चित्र दाखवून कारखान्यातला माल विकते. तूर्बियाँचीही हीच गत. ब्रेगे या घड्याळकाराने १८०१ मध्ये त्याचे पेटंट घेतले तेव्हा घड्याळ खिशात तासन् तास उभे राही आणि गुरुत्वाकर्षणाने वेळेत फरक पडे. बॅलन्स आणि एस्केपमेंट एका फिरत्या पिंजऱ्यात बसवले की त्या चुका एकमेकींना खोडून काढतात. मनगट मात्र दिवसभर हलतेच. तिथे तूर्बियाँची गरज फारशी उरत नाही. तो जमवण्यासाठी लागणारे कसब खरे आहे, त्यातून मिळणारी अचूकता मात्र किमतीच्या मानाने नगण्य आहे. हे ठाऊक असूनही कुणाला त्याचे फिरणे पाहायला आवडत असेल, तर त्याने जरूर घ्यावा.

या कसबाचा वारसा नाजूक आहे, हे त्या व्यवसायातल्या लोकांनीही ओळखले आहे. यांत्रिक घड्याळनिर्मितीचे कौशल्य २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सने मिळून तो प्रस्ताव दिला होता. ड्यूफूर आणि ग्रोबेल फोर्सी ही घड्याळसंस्था यांनी मिशेल बुलांजे या फ्रेंच शिक्षकाला जुन्या हातयंत्रांवर आख्खे घड्याळ घडवायला शिकवले, ते एवढ्यासाठी की त्याने ते पुढे विद्यार्थ्यांना द्यावे.

पिढ्यानपिढ्या टिकण्याच्या दाव्याची खरी कसोटी मात्र कारखान्याबाहेर लागते. यांत्रिक घड्याळातले तेल सुकते, रबराचे वॉशर कडक होतात, कमान थकते. दर काही वर्षांनी ते कुणीतरी पूर्ण उघडून, धुऊन, तेल घालून पुन्हा जुळवावे लागते. आपल्याकडे एचएमटीची चावीची घड्याळे कारखाना बंद पडल्यानंतरही चालतात, कारण त्यांचे भाग आणि ते बसवण्याचे ज्ञान गावोगावच्या घड्याळजींकडे पसरलेले होते. महागड्या स्विस घड्याळांच्या बाबतीत अनेक कंपन्यांनी स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग देणे बंद केले किंवा फार कमी केले. युरोपातल्या दुरुस्तीवाल्यांच्या महासंघाने २००४ मध्ये याविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. बरीच वर्षे ती चालली, आयोगाने २०१४ मध्ये ती फेटाळली आणि २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयानेही आयोगाचा निर्णय कायम ठेवला.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. मोकळ्या बाजारात गेलेले अस्सल भाग बनावट घड्याळांत शिरतात. चुकीच्या हाताने बसवलेला वॉशर पोहताना घड्याळ बुडवतो आणि नाव कंपनीचे जाते. हेअरस्प्रिंगला चिमट्याचा एक धक्का लागला तरी तिची घडण बिघडते. तरीही पुरवठा सरसकट थांबवण्याचे समर्थन मला पटत नाही. ग्राहकाला एकाच दाराशी उभे राहावे लागते. दर आणि मुदत त्या दाराआडूनच ठरतात. अधिकृत केंद्रात अनेकदा जुनी तबकडी आणि काटे बदलले जातात, कवच घासून नवे केले जाते, आणि आजोबांच्या मनगटावर झालेल्या खुणा त्यात जातात. शिवाय बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांची एक पिढी सुट्या भागांअभावी धंदा सोडून गेली, तर ज्या ज्ञानासाठी युनेस्कोकडे धाव घेतली, तेच ज्ञान थोड्या कंपन्यांच्या भिंतींआड कोंडले जाईल.

मधला मार्ग आहे. स्वित्झर्लंडमधील नुशातेलच्या वोस्टेपसारख्या संस्थांचे प्रशिक्षण घेतलेल्या, ठरलेली उपकरणे बाळगणाऱ्या आणि जुना भाग परत दिल्यावरच नवा घेणाऱ्या कारागिरांना भाग पुरवावेत; दर्जा घसरला तर ती सोय काढून घ्यावी. तास-मिनिटांचे ठोके देणारी मिनिट रिपीटरसारखी गुंतागुंतीची घड्याळे कारखान्यातच जावीत, यात वाद नाही. त्यांचे बरेचसे भाग त्या एका घड्याळापुरते जुळवलेले असतात. पण तीन काट्यांच्या साध्या स्वयंचलित घड्याळाची कमान किंवा चावीचा दांडा पुण्यातल्या प्रशिक्षित घड्याळजीला विकत मिळू नये, याला तांत्रिक कारण नाही. शुल्कमुक्तीच्या वाटेवर असलेल्या या बाजारात दालनात किंमत विचारण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा: पंधरा वर्षांनी हे घड्याळ कोण उघडणार, आणि त्याला भाग कोण देणार?