वेंगुर्ल्यात राहायला जाताना

मुंबई-ठाण्यातले घर विकून किंवा भाड्याने देऊन समुद्राकाठच्या एखाद्या स्वस्त, शांत गावी कायमचे राहायला जाण्याचा विचार निवृत्तीला टेकलेली कुटुंबे करतात, तसा घरून काम करणारी तरुण कुटुंबेही करतात. मुंबईजवळचा किनारा या विचारातून आता जवळपास बाद झाला आहे. मार्च २०२० मध्ये मांडव्याची रो-रो सेवा सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि अलिबागच्या जमिनीचे भाव पगारदाराच्या आवाक्यात राहिले नाहीत. त्यामुळे नजर दक्षिणेकडे सरकते आणि गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्यापर्यंत पोहोचते.

वेंगुर्ले हे या शोधाचे चांगले उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेत जेमतेम बारा हजार वस्ती असलेले हे नगरपरिषदेचे गाव. डच वखारीच्या काळापासूनचे बंदर, भरलेला बाजार, महाविद्यालय, उपजिल्हा रुग्णालय आणि काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती जिथे तयार झाल्या ते फळ संशोधन केंद्र एवढे सगळे पायी हिंडण्याच्या टप्प्यात आहे. कचऱ्याच्या वर्गीकरणासाठी या नगरपरिषदेने राज्यभर नाव कमावले. रेल्वे मात्र गावात नाही. कुडाळ आणि सावंतवाडी ही दोन्ही स्थानके वीस-तीस किलोमीटरवर आहेत. चिपीचा विमानतळ तालुक्यातच आहे, पण तिथल्या विमानसेवेत खंड पडत आला आहे. जानेवारी २०२३ पासून सुरू असलेला गोव्यातला मोपा विमानतळ त्या मानाने अधिक भरवशाचा.

वेंगुर्ले ज्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, तिथे रिकामी घरे भरपूर आहेत. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. रत्नागिरी जिल्ह्यातही घटच झाली. तरुण मुंबई, पुणे आणि गोव्याकडे गेले, मागे म्हातारी माणसे आणि कुलपे राहिली. बाहेरून येणाऱ्याला वाटते की एवढी घरे बंद आहेत, तर एखादे सहज मिळेल. प्रत्यक्षात बंद घर आणि विकाऊ घर यांच्यामध्ये सातबारा उभा असतो.

कोकणातला सातबारा वाचायला वेळ द्यावा लागतो. भोगवटादाराच्या रकान्यात दहा-पंधरा नावे असणे इथे नित्याचे आहे. त्यातले काही मयत, वारसतपास न झालेले. काही मुंबईत, काही कुठे आहेत ते भावकीलाही ठाऊक नसलेले. जमीन सामायिक असेल तर एका हिस्सेदाराकडून खरेदी करणाऱ्याला अविभक्त हिस्सा मिळतो, बांधाने आखलेला तुकडा मिळत नाही. वाटप होईपर्यंत त्याने कुंपण कुठे घालायचे, याला उत्तर नसते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव आहे का, कूळकायद्याच्या कलम ४३ च्या बंधनास पात्र असा शेरा आहे का, हे पाहिल्याशिवाय विसार देणे म्हणजे पैसे अडकवून घेणे होय. शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. नसेल तर बिगरशेती झालेली किंवा गावठाणातली जागाच पाहावी. एक गोष्ट कागदावर बहुतेक वेळा नसतेच, ती म्हणजे वाट. घराकडे जाणारी पायवाट शेजाऱ्याच्या आवारातून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली असते. जुना मालक त्या वाटेने जातो तोवर कुणी बोलत नाही. नवा माणूस गाडी आणू लागला की वाद सुरू होतो. वाटेचा हक्क खरेदीखतात लिहून घेणे आणि स्थानिक वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेणे, या दोन खर्चांत काटकसर करू नये.

समुद्र दिसणाऱ्या जागेला आणखी एक अट लागू होते. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांच्या पट्ट्यात नवे बांधकाम सहसा होऊ शकत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ही मर्यादा ५० मीटरवर आणण्याची वाट ठेवली, पण ती सर्वांना लागू नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत नियम सैल असले तरी बांधकाम आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा इमारतीच्या जमिनीकडच्या बाजूलाच करता येते. खाडीकाठालाही सीआरझेड आहे, हे अनेक खरेदीदारांना व्यवहारानंतर कळते. जागा बिगरशेती आहे एवढ्यावर समाधान न मानता सर्व्हे नंबर किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशावर कुठे पडतो, ते पाहिले पाहिजे. गावातला फ्लॅट हा कागदांच्या दृष्टीने सोपा मार्ग. तरीही ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या छोट्या इमारतींना महारेराची नोंदणी सक्तीची नाही, आणि अशा गावांत बहुतेक इमारती छोट्याच असतात. तिथे बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला हाच आधार.

कागद नीट असले तरी घराचा खरा कस पावसाळ्यात लागतो. या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कौलारू घराची मे महिन्यात शाकारणी करावी लागते. फुटकी कौले बदलायची, कुजलेले वासे आणि रिपा काढायच्या, पन्हळी साफ करायच्या, पडवीला पावसाच्या बाजूने झाप किंवा पत्रे लावायचे. ही कामे करणारी माणसे मे महिन्यात सर्वांनाच हवी असतात, म्हणून ती आधी सांगून ठेवावी लागतात. स्लॅबचे घर या कटकटीतून सुटते, पण त्याचा शत्रू वेगळा आहे. खारी हवा सिमेंटच्या बारीक भेगांतून आत जाते, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि छताचे पापुद्रे सुटू लागतात. किनाऱ्यापासून थोडे आत, जांभ्या चिऱ्याच्या भिंतीचे आणि पुढे आलेल्या छपराचे घर जास्त टिकते, हा इथल्या गवंड्यांचा पिढीजात अनुभव आहे. ओल मात्र कुठेच चुकत नाही. जुलैत कपाटातल्या कपड्यांना, पुस्तकांना आणि चामड्याच्या चपलांना बुरशी येते; झड लागली की चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. झाड तारेवर पडले तर वीज कधी परत येईल ते सांगता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा काही गावे कित्येक आठवडे अंधारात होती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला किनारा खचतो. मालवणजवळ समुद्र आणि कर्ली खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागच्या लोकांना दर पावसाळ्यात ही भीती असते.

एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ लागते, हे शहरातल्या माणसाला पटकन पटत नाही. जांभा खडक सच्छिद्र आहे. पाणी मुरते आणि उतारावरून समुद्राकडे निघून जाते. किनाऱ्याजवळ विहिरीचा उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते आणि विहीर मचूळ होते. उन्हाळी भाडेकरू आणि पर्यटकांची निवासस्थाने वाढलेल्या गावांत हे अधिक घडते. म्हणून जागा पाहायला जायचे ते मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. त्या वेळी विहिरीत किती हात पाणी आहे ते स्वतः पाहावे आणि ते चाखावे. विहीर सामायिक असेल तर पंप किती जणांचे आहेत तेही विचारावे. डिसेंबरातल्या सुखद हवेत ठरवलेली खरेदी अनेकदा याच ठिकाणी फसते.

राहणीचा खर्च खाली येतो, पण सरसकट येत नाही. घरभाडे, भाजी आणि घरकामाची मदत स्वस्त पडते. मासळीबाबत मोठा गैरसमज आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताजी मासळी कमी आणि महाग. एरवीही सुरमई, पापलेट आणि मोठी कोळंबी गोव्याच्या हॉटेलांकडे आणि निर्यातीकडे जाते. गावात जो भाव लागतो तो त्याच बाजाराचा असतो. बांगडा, तारली, खाडीतली मासळी खाणाऱ्याचे भागते. गाडी ही इथे चैन राहत नाही. संध्याकाळनंतर एसटी विरळ होते आणि एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरकडे किंवा मोठ्या खरेदीला जायचे तर कुडाळ, सावंतवाडी किंवा गोवा गाठावा लागतो. मुंबईच्या फेऱ्यांचा खर्चही धरला पाहिजे. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग आजही एकेरी आहे, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवून वेगळे वेळापत्रक लागते आणि गणपतीच्या दिवसांतली तिकिटे आरक्षण उघडताच संपतात. महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून चालले आहे, आणि इतकी वर्षे ते रेंगाळावे ही या प्रदेशावर झालेली उघड हेळसांड आहे.

या सगळ्यांपेक्षा रुग्णालय महत्त्वाचे आहे. साठीच्या पुढच्या जोडप्याने घर पाहण्याआधी हा प्रश्न सोडवावा. ताप, हातापायाचे फ्रॅक्चर, फुरसे चावणे अशा गोष्टींची सोय गावात आणि तालुक्यात होते. सिंधुदुर्गनगरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पडव्याला खासगी वैद्यकीय महाविद्यालय झाल्यापासून परिस्थिती सुधारली आहे. तरीही हृदयविकाराचा मोठा झटका, पक्षाघात किंवा डोक्याला मार अशा प्रसंगी सिंधुदुर्गातले लोक वर्षानुवर्षे गोव्याच्या बांबोळी रुग्णालयाकडे धाव घेत आले आहेत. वेंगुर्ल्याहून ते साठ-सत्तर किलोमीटर. हृदयविकारात बंद झालेली रक्तवाहिनी पहिल्या दोन तासांत उघडली तर स्नायू वाचतो. पावसाळी रात्री रुग्णवाहिका मागवणे, ती येणे आणि तिने हे अंतर कापणे यातच तो वेळ सरतो. ज्यांना आधीच हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, ज्यांना आठवड्याला डायलिसिस लागते, त्यांनी रत्नागिरीसारखे मोठे शहर किंवा सावंतवाडीच्या पलीकडचा गोव्याच्या सीमेलगतचा भाग निवडणे शहाणपणाचे आहे, मग समुद्र खिडकीतून न दिसला तरी चालेल.

घरून काम करणाऱ्यांसाठी प्रश्न सोपा आहे. गावठाणात फायबर येते, डोंगराआडच्या वाडीत मोबाइललाही रेंज नसते. घर घेण्याआधी त्याच खोलीत बसून एक पूर्ण दिवस काम करून पाहावे आणि इन्व्हर्टरचा खर्च धरावा. मुलांच्या शाळेची काळजी फार करू नये. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले आहे. बारावीनंतर मात्र मूल बहुतेक वेळा घर सोडते.

बाहेरून आलेल्याला गाव किती आपले मानते, हे तो वर्षभर राहतो की सुट्टीपुरता येतो यावर ठरते. गावाच्या दृष्टीनेही हा फरक मोठा आहे. अकरा महिने बंद राहणारा बंगला विहिरीचे पाणी आणि जमिनीचा भाव दोन्ही ओढतो आणि मागे काही ठेवत नाही. वर्षभर राहणारे कुटुंब वाण्याकडे उधारी करते, शाळेत मूल घालते, जत्रेतला दशावतार पहाटेपर्यंत पाहते, ग्रामसभेत बोलते. घटत्या वस्तीच्या या जिल्ह्याला अशा कुटुंबांची गरज आहे. देवस्थानाचे मान, पालखीचा मार्ग, वाडीतल्या रीती यांत पहिली काही वर्षे ऐकण्याची भूमिका घ्यावी. मालवणी बोलता आली नाही तरी कुणी अडवत नाही, समजून घेण्याची तयारी मात्र दिसली पाहिजे.

म्हणून क्रम असा असावा: आधी भाड्याने घर, तेही मे महिन्यात, म्हणजे टंचाई आणि पाऊस दोन्ही अंगावर येतात. गणपती आणि दिवाळी तिथेच करावी. त्यानंतर खरेदीचे बोलावे. तोवर शहरातले घर विकू नये, लीव्ह अँड लायसन्सने नोंदणीकृत करार करून भाड्याने द्यावे. मुंबईत हे भाडे घराच्या किमतीच्या वर्षाला दोन-तीन टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही, पण वेंगुर्ल्यातले भाडे भागवून त्यातून बऱ्यापैकी रक्कम उरते.

विकायचेच ठरले तर कराचा हिशोब आधी मांडावा. घर विकून झालेला भांडवली नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर करमुक्त होतो, पण गुंतवलेल्या रकमेपुरताच. खरेदी विक्रीच्या आधी एका वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत, आणि बांधकाम तीन वर्षांत व्हावे लागते. समजा, नफा १ कोटी २० लाख झाला आणि वेंगुर्ल्यातले घर ४५ लाखांना पडले. उरलेल्या ७५ लाखांपैकी ५० लाख सहा महिन्यांच्या आत सरकारमान्य रोख्यांत पाच वर्षांसाठी अडकवता येतात, बाकी २५ लाखांवर कर बसतो. नुसती शेतजमीन घेतली तर ती घर म्हणून धरली जात नाही. आणि गावातले घर पुन्हा विकायला निघाले तर गिऱ्हाईक मिळायला दोन-तीन वर्षे लागू शकतात. तेवढ्या काळात मुंबईतले भाव कुठे गेलेले असतील ते कुणाच्या हाती नसते. म्हणून विक्रीच्या पैशांतला निदान एक भाग, आजारपण आणि परतीचे भाडे भागेल एवढा, घरात न घालता बँकेत मोकळा ठेवावा.