अस्सल गुलाब कोणता?

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने गुलाबावर लिहावे, याचे कुणाला हसू येईल. पण बाजारात ‘अस्सल’ हा शब्द फार खपतो आणि तो मला गुलाबाच्याच निमित्ताने खटकला.

दमास्क गुलाब (रोझा डमास्केना) आणि चिनी गुलाब (रोझा चायनेन्सिस) ही एकाच कुळातील दोन झुडपे. पहिल्याचा बहर मुख्यतः वसंतात, जेमतेम महिनाभर. पण सुगंध असा, की कनौजच्या गुलाब-अत्तराची कीर्ती त्याच्यावरच उभी आहे. किलोभर तेलाला तीन ते पाच हजार किलो फुले लागतात आणि तीही ऊन चढण्यापूर्वी खुडलेली. दुसऱ्याचा वास मंद, पण तो पुन्हा पुन्हा फुलतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो युरोपात गेला आणि पुढे त्याच्याच संकरातून तिथे सतत फुलणारे गुलाब तयार झाले.

मग श्रेष्ठ कोण? ताळेबंद मांडला तरी उत्तर निघत नाही. रियुनियन बेटावर ही दोन्ही झुडपे कुंपणाला शेजारी शेजारी लावत. १८१७ च्या सुमारास त्यांच्या संकरातून बूरबाँ गुलाब निघाला. त्याच घराण्यातला एडवर्ड गुलाब आज आपल्या दक्षिणेत हारांत ओवला जातो, गुलकंदात पडतो. आणि ज्याला ‘शुद्ध’ म्हणावे, त्या दमास्कच्या वंशातही तीन जाती असल्याचे २००० साली संशोधकांना आढळले!

मी मराठी शाळेत शिकलो, आजोळी कन्नड. “मग तू नेमका कुणाचा?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझे मत असे, की मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे. भेसळीत हलका माल भारी मालाच्या नावाने विकतात. संकरात दोघे आपापल्या जागी राहतात आणि तिसरे फूल उमलते. मात्र त्यासाठी कुंपणात दोन्ही झुडपे जिवंत हवीत. एक उपटले, की गोष्ट संपली.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षीच्या अंकातला कन्नड विभाग मी न वाचताच अंक कपाटात ठेवला. आजोळच्या भाषेला मीच पाठ दाखवली. मग दुसऱ्यांना काय म्हणून बोलू? मराठीतला ‘गुलाब’ कन्नडात ‘गुलाबी’ होतो आणि मूळ शब्द दोघांनीही फारसीतून घेतलेला. यंदा मी अंकाची ती पानेही वाचणार आहे. पलीकडच्या मित्रांनी ही वाचावीत.