आधी काटा तपासा, मग मुलगी

काही शाळांतून आता वजन आणि चरबी सांगणारी यंत्रे आली आहेत. आकडा चुकला तरी यंत्राला कोणी जाब विचारत नाही. टोमणे मुलींनाच ऐकावे लागतात. मैत्रिणींनो, हे यंत्र चरबी मोजतच नाही. तळपायांतून सौम्य वीजप्रवाह सोडून शरीराचा विरोध मोजते आणि सूत्राने अंदाज बांधते. टाचा कोरड्या, भेगाळलेल्या असल्या, अंगात पाणी कमी असले, की अंदाज फुगतो. म्हणजे अनवाणी राबणाऱ्या मुलीलाच ते 'लठ्ठ' ठरवू शकते!

म्हणून शाळेत मी आधी काटा सपाट फरशीवर ठेवायला लावते, शून्य पाहते, १० किलोचे प्रमाणित वजन ठेवून बघते, पायाखालच्या पट्ट्या पुसून घेते. या आकड्यावरून मुलीच्या ताटातली भाकरी कमी होणार असेल, तर तो घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या गावच्या शाळेत काटा कोण तपासते? जाऊन विचारा.