'फॉलो' म्हणजे हुकमाची ताबेदार नव्हे



शीर्षक वाचून काही मित्र लगेच विचारतील, चळवळीच्या लिखाणात हे नाचाचं काय काढलंस? शिष्यवृत्त्या थकल्यात, अत्याचाराच्या केसेस कोर्टात पडून आहेत आणि तुला स्विंग डान्स सुचतोय? सुचतोय. कारण काळ्या मोलकरणींनी, हमालांनी आणि बेकार पोरापोरींनी घडवलेली एक कला लोकांनी आधी उचलली, मग साफसूफ केली आणि शेवटी त्यातल्या बाईला 'आज्ञाधारक' ठरवून वर्गात शिकवायला घेतली. ही गोष्ट ज्याला आपली वाटत नाही, त्याने आपला इतिहास नीट वाचलेला नाही असं मी म्हणेन.

दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीच्या नादाने मुंबईत लिंडी हॉपच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले. हा नाच जोडीने करतात. सुरुवात करणाऱ्याला 'लीड' आणि प्रतिसाद देणाऱ्याला 'फॉलो' म्हणतात. पहिल्याच तासाला शिक्षकाने आम्हा फॉलोंना सांगितलं, डोकं बाजूला ठेवा, चांगली फॉलो विचार करत नाही, ती फक्त हलकी असते. वस्तीत काम करताना 'डोकं बाजूला ठेव' हे मी नवऱ्यांच्या, सासवांच्या, मुकादमांच्या आणि एकदा एका फौजदाराच्या तोंडून ऐकलंय. पैसे भरून ऐकायची ही पहिलीच वेळ.

मी वाद घातला नाही. घरी येऊन शोध घेतला. त्यातून जे हाती आलं त्यावरून माझं मत असं झालं की उत्तम फॉलोची ही व्याख्या नाचाच्या दृष्टीने चुकीची आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने तर खोटीच आहे.

आधी जागा समजून घ्या. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, लेनॉक्स अॅव्हेन्यूवर १४० आणि १४१ क्रमांकाच्या रस्त्यांमध्ये, १९२६ च्या मार्चमध्ये सॅव्हॉय बॉलरूम सुरू झाली. तिथून जवळच असलेल्या कॉटन क्लबात काळे लोक रंगमंचावर नाचायचे, वाजवायचे, ताटं उचलायचे. समोरच्या टेबलांवर मात्र गोरे बसायचे. सॅव्हॉयमध्ये तसं नव्हतं. तिकीट काढलं की काळा असो गोरा असो, एकाच लाकडी फरशीवर. फरशीवर एकच भेद होता, नाचता येतं की नाही येत. मालक गोरा होता, व्यवस्थापक काळा, आणि फरशीवर राज्य हार्लेमच्या पोरापोरींचं.

गुरुवारच्या रात्रीला तिथे 'किचन मेकॅनिक्स नाइट' म्हणत. किचन मेकॅनिक म्हणजे गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक, पोरं सांभाळणं करणाऱ्या काळ्या बायका. त्यांना गुरुवारी सुट्टी असायची. आता विचार करा. आठवडाभर 'येस मॅडम' म्हणत दुसऱ्याच्या घंटीवर धावणारी बाई, सुट्टीच्या रात्री चांगले कपडे करून सॅव्हॉयमध्ये येते ती काय आणखी एका माणसाचे हुकूम झेलायला? तिला हुकूम झेलता येत होते, त्यात ती पटाईतच होती. इथे ती वेगळ्या कामासाठी येत होती.

ते काम काय, हे पाहायचं तर पावलांकडे जावं लागेल. थोडं तांत्रिक आहे, पण वगळू नका, कारण खरा वाद इथेच आहे.

लिंडी हॉपचा कणा म्हणजे 'स्विंग आउट'. आठ मात्रांचा फेरा. पहिल्या दोन मात्रांत फॉलो लीडकडे येते, तीन-चारवर दोघं एकमेकांभोवती फिरतात, पाच-सहावर ती बाहेर निघते, सात-आठवर दोघांमधला हात ताणला जातो, आणि त्या ताणातून पुढचा फेरा जन्मतो. या आठ मात्रांत लीड ढकलत राहतो आणि फॉलो ढकलली जाते असं ज्याला वाटतं त्याने एकदा करून पाहावं, दुसऱ्या फेऱ्याला त्याचा खांदा धरेल. तो वेग तिचा असतो. निघाली की ती आपल्या पायांवर, आपल्या वजनाने जात राहते; दिशा बदलायला सबळ कारण मिळेपर्यंत बदलत नाही. लीड तेवढं कारण पुरवतो. हाताचंही तसंच. फॉलोचा हात उकडलेल्या शेवयांसारखा ढिला असेल तर निरोप पोचत नाही, आणि लोखंडी कांबीसारखा असेल तर निरोप नुसता आदळतो. हातात जीव लागतो. 'हलकी' फॉलो म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. जिला स्वतःचं वजन आहे तिच्याशीच ताण धरता येतो. हवेशी कोण ताण धरणार?

ताल तिचा तिला ठेवावा लागतो. जोडीदाराचा ठेका चुकला तरी ढोल काय म्हणतोय हे तिला ऐकू यायला हवं. लिंडीच्या अंगात एक सततची उसळी असते, गुडघ्यांतून येणारी. ती उधार मिळत नाही. शिवाय ज्या एक-दोन मात्रांत ती लीडकडे येते, तिथे ती कंबर आणि पाऊल पिळत येते, त्याला 'स्विव्हल' म्हणतात. ते कसं करायचं, किती करायचं, की सरळ चालत यायचं, हे कोणताही लीड सांगू शकत नाही. तिथे तीच गाण्याला उत्तर देते. एम.ए.ला समाजशास्त्रात आम्हाला 'एजन्सी' हा शब्द दोन सत्रं शिकवला. तो मला त्या दोन मात्रांत जास्त चांगला कळला.

मान्य आहे, यालाही मर्यादा आहे. समोरच्याचं न ऐकता आपलंच घोडं दामटणारी फॉलो वाईटच, आणि लीड काय करणार याचा अंदाज बांधून आधीच पळणारी त्याहून वाईट. पण हा दोष लीडलाही तितकाच लागू आहे. सुचवून झाल्यावर जो थांबून पाहत नाही की तिने त्याचं काय केलं, तो नाचत नसतो, सामान हलवत असतो. मात्र वर्गात 'ऐका, ऐका' हा उपदेश फक्त एकाच बाजूला का होतो?

आता इतिहास. जॉर्ज स्नोडेन, ज्याला 'शॉर्टी' म्हणत, हा सॅव्हॉयच्या पहिल्या पिढीतला नामवंत नर्तक. बुटका होता. त्याची जोडीदार 'बिग बी' त्याच्यापेक्षा चांगलीच उंच. त्यांच्या नाचाच्या शेवटी ती त्याला पाठीवर उचलून घ्यायची आणि तो हवेत पाय झाडत असताना फरशीवरून बाहेर घेऊन जायची. लोक हसून लोटपोट. हे पाहून फ्रँकी मॅनिंग या तरुणाच्या डोक्यात किडा शिरला: उचललेला माणूस पाठीवरून पलीकडे गेला तर? मग त्याने आणि त्याची जोडीदार फ्रीडा वॉशिंग्टन हिने गादी टाकून सराव केला, पडले, पुन्हा केलं, आणि १९३५ मध्ये सॅव्हॉयच्या स्पर्धेत ती त्याच्या पाठीवरून उलटी फिरून बरोबर तालावर पायांवर उतरली. लिंडी हॉपमधली पहिली 'एअर स्टेप' ती हीच.

सगळीकडे वाचायला मिळतं की ही एअर स्टेप फ्रँकी मॅनिंगने शोधली. हवेत कोण होतं? मान कोणाची मोडली असती? नृत्यातल्या त्या क्रांतीची मूळ कल्पना एका बाईने पुरुषाला उचलण्यातून आली आणि ती प्रत्यक्षात आणली दुसऱ्या बाईने, तरी शिल्पकार एकच. फ्रँकी स्वतः फ्रीडाचं नाव घेत असे, हे नमूद करायला हवं. माणूस मोठा होता. हा नाच मागे पडल्यावर त्याने कित्येक वर्षं टपाल खात्यात नोकरी केली आणि म्हातारपणी जगभर फिरून पुन्हा शिकवलं. वर्गात तो पुरुषांना जोडीदारासमोर झुकायला लावायचा, ती राणी आहे म्हणायचा. त्याच्या तोंडी ते शोभायचं. पण त्याची नक्कल करणारे जेव्हा वर्गाच्या सुरुवातीला 'राणी' म्हणतात आणि पाच मिनिटांनी 'विचार करू नकोस' म्हणतात, तेव्हा मला आपल्याकडचं देवीपण आठवतं. मखरात बसवायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

नॉर्मा मिलरचं उदाहरण घ्या. १९१९ मध्ये जन्म, वडील तिच्या जन्माआधीच गेलेले, बार्बाडोसहून आलेली आई लोकांकडे साफसफाई करायची. सॅव्हॉयच्या मागे घर. ही पोर घराच्या मागच्या लोखंडी जिन्यावर बसून बॉलरूमच्या खिडक्यांतल्या सावल्या पाहून नाच शिकली. १९३५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती युरोपच्या दौऱ्यावर होती. पुढे तिने स्वतःचा नृत्यसंच चालवला, विनोदी कार्यक्रम केले, पुस्तकं लिहिली आणि २०१९ मध्ये वारली तोवर फटकळपणा सोडला नाही. या बाईला कोणी 'हलकी हो' म्हणून दाखवायचं होतं.

१९४१ चा 'हेल्झापॉपिन' हा चित्रपट आला. त्यात या मंडळींचा काही मिनिटांचाच नाच आहे. आजही जगभरचे नर्तक तो तुकडा डोळे फाडून पाहतात. सगळ्यांना कपडे दिलेत नोकरांचे: स्वयंपाकी, मोलकरीण, कामगार. हॉलिवूडला काळा माणूस याच वेशात परवडायचा. आणि त्या मोलकरणीच्या वेशात त्या बायका ज्या वेगाने, ज्या मिजाशीत येतात, त्यात नोकरपण शोधून सापडत नाही. जमलं तर आवाज बंद करून पाहा आणि फक्त बायकांचे पाय पाहा.

१९४३ सालची गोष्ट तर डोक्यात तिडीक आणते. एप्रिलमध्ये अधिकाऱ्यांनी सॅव्हॉयला टाळं ठोकलं. कारण दिलं की तिथे भेटणाऱ्या बायकांपासून सैनिकांना गुप्तरोग होतात. म्हणजे खापर पुन्हा बाईवर. हार्लेमचे लोक म्हणत होते की खरं दुखणं काळे-गोरे एकत्र नाचतात हे आहे. बॉलरूम ऑक्टोबरमध्ये उघडली. दरम्यान २३ ऑगस्टला 'लाइफ' साप्ताहिकाने लिंडी हॉप हा अमेरिकेचा अस्सल राष्ट्रीय लोकनृत्यप्रकार म्हणून मुखपृष्ठावर झळकवला. मुखपृष्ठावर कोण? ब्रॉडवेवरचं एक गोरं जोडपं. लिऑन जेम्स आणि विला मे रिकर हे सॅव्हॉयचे काळे नर्तक आतल्या पानांत. नाच राष्ट्रीय झाला, नाचणाऱ्यांच्या घराला कुलूप. बाजार असाच चालतो. आपली हलगी लग्नाच्या मिरवणुकीत चालते आणि हलगीवाला मांडवाबाहेर जेवतो, त्यातलाच हा प्रकार.

मग मोठ्या नृत्यशाळांनी हा नाच सहा मात्रांत बसवला, उसळी कमी केली, पुरुषाने न्यायचं आणि बाईने जायचं ही बॉलरूमची जुनी सभ्यता त्यावर चढवली. मला कार्यशाळेत मिळालेला उपदेश तिथून आलेला आहे, सॅव्हॉयमधून नाही.

आता आपल्याकडे येते. 'फॉलो'ला मराठीत शब्द आहे, 'अनुयायी'. तो आपण रोज वापरतो, आणि आपल्यातल्या पुष्कळांना चांगला अनुयायी म्हणजे डोकं बाजूला ठेवणाराच हवा असतो. बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात रानड्यांवर व्याख्यान दिलं, 'लाइफ'चं ते मुखपृष्ठ आलं त्याच साली. त्यात त्यांनी विभूतिपूजेत स्पष्ट भेद केला: थोर माणसाबद्दल आदर बाळगणं वेगळं आणि त्याची आज्ञा पाळत जाणं वेगळं. पहिल्याने माणूस विचार करायला मोकळा राहतो, दुसऱ्याने मूर्ख बनतो. १९४९ ला संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल पुन्हा बजावलं. त्यांचा अनुयायी कसा असावा हे याहून उघड कसं सांगायचं?

आणि बायकांचं? मी एका संघटनेत होते. एका अत्याचाराच्या प्रकरणात निवेदन मी लिहिलं, पीडित कुटुंबाकडे चार रात्री मी राहिले, तहसीलदारांसमोर मी बोलले. पत्रकात नेत्यांचं नाव मोठ्या अक्षरात, फोटोत पाच पुरुष, आणि माझ्यासाठी 'महिला आघाडीचे सहकार्य लाभले' ही ओळ. अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, "ताई, तुम्ही कधीपासून नावासाठी काम करायला लागलात?" फ्रीडा वॉशिंग्टनला कोणी असं म्हणालं असेल का, माहीत नाही. मी ती संघटना सोडली. काम सोडलं नाही.

त्या कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी शिक्षकाने भिंतीवर 'हेल्झापॉपिन'चा तो तुकडा लावला. फ्रँकी मॅनिंग पडद्यावर आल्यावर मोठ्या भक्तिभावाने नाव सांगितलं. मी विचारलं, सर, यातल्या बायका कोण? तो म्हणाला, त्याच ग्रुपमधल्या. रात्री शोधून ठेवलं होतं म्हणून फळ्याजवळ जाऊन चार नावं लिहिली: फ्रान्सेस 'मिकी' जोन्स, नॉर्मा मिलर, विला मे रिकर, अॅन जॉन्सन. दुपारनंतर तीन-चार मुली येऊन मोबाइलवर त्या फळ्याचा फोटो काढून गेल्या.