बुडालेल्या स्कूटरची कैफियत

पाण्यात भिजलेल्या वस्तूंचे आपल्याकडे दोन प्रकार. एक गादीसारखा : उन्हात घातला की पुन्हा संसाराला लागणारा. दुसरा ‘गेलाच समजा’ म्हणून नव्याचे बिल फाडायला लावणारा. विजेची स्कूटर कंपनीवाले दुसऱ्या प्रकारात घालतात. माझे भांडण आहे ते याच्याशी.

२०२५ च्या मे अखेरीस बारामती-इंदापुरात पाऊस कॅलेंडर न बघताच आला. निरा डावा कालवा फुटला. आमच्या दारातली स्कूटरही पाण्यात उभी राहिली. सर्व्हिस सेंटरातला मुलगा लांबूनच म्हणाला, “काका, बॅटरीचा आख्खा डबा बदलायचा.”

“उघडून बघितलास का?”

“उघडला की वॉरंटी जाते.”

म्हणजे नाडी न बघताच मृत्यूचा दाखला, आणि बघायला गेले तर दंड!

आता, धोका आहे हे कबूल. ‘आयपी ६७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग. पण पूर काही घड्याळ लावून येत नाही. आत पाणी शिरले तर गंज चढतो, शॉर्ट होते, आणि लिथियमची बॅटरी कधी कधी आठवड्यांनंतरही पेट घेते. म्हणून अशी गाडी चालू करू नये, चार्जर लावू नये, घरापासून लांब ठेवावी. “तांदळात ठेवा” म्हणणाऱ्या शेजाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे.

पण धोका आहे म्हणून तपासायचेच नाही, हा कुठला न्याय? इंदापूरकडचा एक रिवाइंडिंगवाला मला म्हणाला, “पाव्हणं, आमच्या मोटरी तर पाण्यातच नांदत्यात!” मोटर वाळवणे, मेगर लावून इन्सुलेशन बघणे हा त्याचा रोजचा धंदा. मोटर, कंट्रोलर, वायरिंगचे जोड, सगळे सुटे सुटे तपासता येते. सेल भिजले असतील तर खुशाल टाका; पण भिजले हे दाखवा तरी!

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले. त्यात वाहनेही आहेत. छानच झाले, पण पोर्टलवर बसून बाजारात जाता येत नाही. सुटे भाग, वायरिंगचा नकाशा आणि सुरक्षित कामाचे शिक्षण तालुक्याच्या मेकॅनिकपर्यंत पोचले पाहिजे. आणि बॅटरी मेली असे सांगणाऱ्याने कशाने मेली ते सहीनिशी लिहून द्यावे.

माणसाच्या दाखल्यावरही कारण लिहितात. स्कूटरने काय घोडे मारले आहे?