अंगणालाही ताण द्या

पांढुर्णा-सौंसरकडच्या संत्रा बागाईतदाराला ताण म्हणजे काय, हे कोणी शिकवायला नको. मृग बहार धरायचा तर एप्रिल-मेच्या उन्हात तो बागेचे पाणी बंद करतो. पाने मलूल होऊन गळू लागली तरी मोटार सुरू करीत नाही. पावसाने ताण तुटला की झाड फुलावर येते. हाच माणूस संध्याकाळी घरी येतो आणि कडुनिंबाखालच्या क्रोटनवर पाइप धरून उभा राहतो. विहीर तळाला गेलेली असते, तरी अंगण बारा महिने हिरवे दिसले पाहिजे!

कडुनिंबाखालची किंवा जुन्या आंब्याखालची जागा म्हणजे सावली खरी, पण कोरडी सावली. हलकी सर वरच्या पानांतच अडते आणि जमिनीत मुरलेले पाणी झाडाच्या मुळ्या आधी ओढून घेतात. क्रोटन, डिफेनबेकिया, मनी प्लांट ही मंडळी दमट मुलखातली. सावली त्यांना मानवते, आपला मे महिना मानवत नाही. दोष त्यांचा नाही, त्यांना इथे आणणाऱ्यांचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस रोवून त्यासाठी दगडफेकीत डोकी फोडून घेणाऱ्या पांढुर्ण्याने दारात क्रोटन लावावा, हेही नवलच.

सातपुड्याच्या उतारावर सागाखाली, तेंदूखाली काय उगवते ते एकदा पावसाळ्यात जाऊन पाहावे. पहिला पाऊस झाला की काळी मुसळी जमिनीलगत पिवळी चांदणी काढते. शतावरी नवे कोंब फेकून आधाराला धरते. कळलावीची लाल-पिवळी फुले श्रावण-भाद्रपदात बांधावर, झुडपांच्या कडेला दिसतात. यांची सगळी शिल्लक कंदात आणि मुळांत असते, म्हणून उन्हाळ्यात वरचा भाग वाळून गेला तरी त्यांचे काही अडत नाही. आपण मात्र वाळलेली वेल पाहिली की मेली समजून उपटतो. इथेच चूक होते. संत्र्याच्या झाडाला जी विश्रांती आपण मुद्दाम देतो, ती शतावरी स्वतःहून घेते. तेवढी मोकळीक तिला द्यावी.

ज्यांना उघडी जमीन बघवतच नाही त्यांच्यासाठी अडुळसा आहे. शेळी त्याला तोंड लावत नाही, ही आपल्याकडे लहान गोष्ट नव्हे. पांढऱ्या फुलांचा चित्रक अर्ध्या सावलीत छान वाढतो. जिथे थोडे ऊन पोचते तिथे कोरांटी लावावी. कडुनिंबाच्या खोडावर गुळवेल चढवली तर जागाही लागत नाही. सुरुवातीचे एक-दोन उन्हाळे थोडे पाणी लागेल, पुढे ही झाडे आपले आपण पाहून घेतात. झाडाखालचा पालापाचोळा मात्र झाडून पेटवू नये. ओल धरून ठेवणारे तेवढेच पांघरूण तिथे असते. आणि रायमुनिया फुकट उगवते, छान दिसते म्हणून राखू नका. ती अमेरिकेतून आलेली आहे आणि जंगलात शिरली की खाली दुसरे काही उगवू देत नाही.

कळलावी सर्वांगाने विषारी, कंद तर विशेष. लहान मुले किंवा गुरे असतील त्या घरी ती नको.

पांढुर्णा आणि सौंसर मिळून ऑक्टोबर 2023 मध्ये नवा जिल्हा झाला. कचेऱ्या, विश्रामगृहे, शाळा यांची आवारे पुढेही सजवली जातील. तिथल्या झाडांखाली कुंड्यांची आरास करण्याऐवजी अडुळसा, चित्रक आणि शतावरी लावण्याचा हुकूम एका कागदावर निघू शकतो. रोपे मात्र जंगलातून खणून आणू नयेत; कंद उपटल्याने मुसळी आधीच विरळ झाली आहे. रोपवाटिकेत जाऊन नाव घेऊन मागा, आणि नसतील तर पुढच्या मृगापर्यंत तयार करायला सांगा.